अकरा सालातली थोरली

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावर बसलेले मान्यवर पाहुणे, वाचनालयाच्या कमिटीतले सगळे लहानमोठे, जिच्यासाठी हा थाट मांडला आहे ती आमची गाणारी बाई, समोर बसलेल्या बहिणींनो, भावांनो, आणि पंख्याखालची जागा धरून आतापासूनच डुलक्या घ्यायला लागलेल्या माझ्या वयाच्या मंडळींनो, तुम्हां सगळ्यांना माझा नमस्कार.

मला भाषणाची सवय नाही. तिसरी इयत्ता झाली आणि माझं शिक्षण संपलं. नातीनं मला मोठ्या अक्षरांत भाषण लिहून दिलंय. त्यातलं पहिलंच वाक्य असं, 'आज माझ्या मनात आनंद आणि दुःख अशा संमिश्र भावना दाटून आल्या आहेत.' मी तिला म्हटलं, "अगं, माझ्या मनात काय दाटून आलंय ते मला विचारून तरी लिहायचंस." ती म्हणाली, "आजी, अशा वेळी असंच म्हणायचं असतं." बरं. म्हणून झालं. आता हा कागद मी घडी करून ठेवते.

सगळ्यात आधी एक दुरुस्ती. आत्ताच ह्या सूत्रसंचालन करणाऱ्या मुलीनं माझी ओळख करून दिली. मुलगी गुणी आहे, आवाज स्वच्छ आहे. तिनं सांगितलं, "ताईंच्या बालपणापासूनच्या धाकट्या मैत्रीण आता दोन शब्द बोलतील." तुम्ही टाळ्या वाजवल्यात. त्या टाळ्या मी घेतल्या नाहीत, तुमच्या तुम्हांला परत. कारण मी धाकटी नाही. त्या तिथं मधल्या खुर्चीत फुलांचा गुच्छ मांडीवर घेऊन बसली आहे ना, ती धाकटी. थोरली मी.

हसू नका. ऐंशी वर्षांची बाई माइकसमोर उभी राहून थट्टा करायला आलेली नाही.

आता ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. बाहेर दरवाज्याजवळ आज जो संगमरवरी दगड बसवलाय आणि ज्याच्यावरचा पडदा अध्यक्ष महोदयांनी दोनदा ओढूनही निघाला नाही, त्या दगडावर लिहिलंय, 'एकोणीसशे अकरा साली या गावात जन्मलेले मानकरी'. खाली चार नावं. पहिलं हृदयाच्या डॉक्टरचं, ज्यानं उघड्या छातीत हात घालून माणसं उठवली. दुसरं न्यायाधीशाचं, जो थेट वरच्या कोर्टापर्यंत गेला. तिसरं पूल बांधणाऱ्या इंजिनिअरचं. आणि चौथं हिचं. हिच्या गाण्याच्या तबकड्या परक्या देशांतल्या दुकानांतसुद्धा मिळायच्या. एका गावात, एका वर्षात, चार चार मोठी माणसं! पेपरवाले त्याला 'सुवर्णवर्ष' म्हणतात. पहिले तिघं गेले. तिघांच्या शोकसभा ह्याच हॉलमध्ये झाल्या. उरली ती ही एकटी. ही उद्या दुपारच्या गाडीनं मुलाकडं निघाली, समुद्रापार, कायमची. म्हणून आजचा निरोप.

मग ह्यात मी कोण? मीही अकराचीच. तीच गल्ली, तीच इमारत. आम्ही तळमजल्यावर दोन खोल्यांत, हे लोक सर्वांत वरच्या मजल्यावर. सुईण आधी आमच्याकडं आली. माझी नाळ कापते न कापते तोच तिला वरून बोलावणं आलं. जिने चढून चढून ती एवढी वैतागली होती, की पुढं कितीतरी वर्षं आम्हां दोघींना बघितलं की म्हणायची, "ही माझ्या पायांनी आली आणि ही माझ्या गुडघ्यांनी."

पण कागदोपत्री मी अकराची नाही. माझ्या बापानं मला उचलून बारा सालात ठेवलं. अकरात राहिले असते तर निदान चार मोठ्या माणसांच्या सावलीत बसले असते. बारात टाकलं आणि माझे बारा वाजले. माझ्या नातीनं मुद्दाम शोध घेतला, बारा साली ह्या गावात नाव घेण्यासारखं कोण जन्मलं. ती आठवडाभर ह्याच वाचनालयात बसून शोधत होती. एकच माणूस सापडला. आपला तो पाववाला, जो कबुतरं धरायला म्हणून घड्याळाच्या मनोऱ्यावर चढला आणि काट्यात सदरा अडकून लोंबकळत राहिला. आगीचा बंब आणून त्याला उतरवला. पेपरात फोटो आला होता. तर तो आणि मी. हे आमचं वर्ष.

बापानं असं का केलं ते सांगते. अध्यक्ष महोदय, घड्याळाकडं बघू नका. तुम्ही प्रास्ताविकात वाचनालयाच्या गळक्या छपरावर जेवढं बोललात, तेवढं मी अजून बोललेली नाही.

आमच्या गल्लीत एक नियम होता. आधी आलेला तो मोठा, मग तो एका दिवसानं मोठा असो की एका तासानं. लहानानं मोठ्याला दादा म्हणायचं, ताई म्हणायचं, नुसतं नाव घेतलं तर पाठीत धपाटा. आणि ते नुसतं म्हणण्यापुरतं नव्हतं. मोठ्या माणसाची बादली नळाला आधी लागायची. शाळेच्या बाकावर खिडकीकडची जागा मोठ्याची. खेळात राज्य कुणावर हे मोठा सांगायचा. मी तळमजल्यावरच्या कारकुनाची मुलगी. आमच्या घरात भांडी मोजकी आणि कपडे उसने. पण मी हिची ताई होते. ही वरच्या मजल्यावरची, हिच्या घरी पेटी होती, खिडक्यांना पडदे होते, आणि तरी रोज सकाळी ही माझ्या मागं बादली घेऊन उभी राहायची आणि म्हणायची, "ताई, तुझी भरली की सांग."

माझ्याकडं एवढंच होतं हो. दुसरं काही नव्हतं.

गाण्याचं म्हणाल तर शाळेत गाण्याच्या मास्तरांनी आम्हां दोघींना एका रांगेत उभं केलं. अर्ध्या ओळीत हात वर करून सगळ्यांना थांबवलं. हिला म्हणाले, "तू पुढं ये." मला म्हणाले, "आणि तू बाळ, नुसते ओठ हलव." मी वर्षभर ओठ हलवले. माझ्या अंगात हिच्याइतकीच कला होती आणि मला संधी मिळाली नाही, असं सांगायला मी इथं आलेली नाही. माझा आवाज गंजलेल्या बिजागरीसारखा आहे, तुम्ही ऐकताच आहात. संधी मिळाली असती तर सगळ्यांनाच त्रास झाला असता. पण म्हणून पोटात दुखायचं थांबतं का? मी म्हणते, स्वतःला येत असतं आणि दुसऱ्याचं नाव झालं, तर माणूस भांडू तरी शकतो. आपल्याला येतच नाही आणि शेजारचीला येतं, ह्याच्यावर भांडायचं कुणाशी?

तर बघण्याचा कार्यक्रम. आमच्याच गल्लीच्या कोपऱ्यावर परगावाहून नुकत्याच आलेल्या लोकांनी चष्म्याचं दुकान टाकलं होतं. त्यांचा मुलगा काचा घासायचा, त्याच्यासाठी मुलगी बघत होते. मुलगाही अकराचाच, पण वर्षाच्या शेवटाला झालेला. म्हणजे मी त्याच्याहून मोठी. आणि त्याच्या आईची अट अशी, की मुलगी वर्षानं तरी लहान पाहिजे. माझ्या बापानं निरोप पाठवला, "आमची बाराची." एका शब्दात काम झालं. कुणी पुरावा मागितला नाही, तेव्हा कोण मागत होतं!

मंडळी आली. सासूबाई, म्हणजे तेव्हाच्या होणाऱ्या, त्यांचे डोळे असे होते की दुकानातल्या सगळ्या काचा फुकट गेल्या असत्या. मी खाली मान घालून बसले होते. माझ्या आईनं मदतीला म्हणून हिला वरून बोलावलं होतं. सगळं नीट चाललं होतं. तेवढ्यात ही आतल्या दारात आली आणि खणखणीत आवाजात म्हणाली, "ताई, दूध नासलं गं! काळाच चहा आणू का?"

खोली गार पडली. दुधामुळं नाही.

सासूबाई म्हणाल्या, "ही कोण?"

बाप म्हणाला, "वरच्या मजल्यावरची. शेजारी."

"इकडं ये बाळ. कुठल्या सालातली तू?"

ही ताठ उभी राहून म्हणाली, "अकराची."

"मग ही बाराची तुझी ताई कशी झाली?"

माझ्या बापाची बुद्धी एरवी आठवडाभर झोपलेली असायची. त्या दिवशी नेमकी जागी होती. तो हसला आणि म्हणाला, "अहो, पोरींचा खेळ. ही हिला लाडानं म्हणते. खरं तर आमचीच हिला ताई म्हणते." आणि माझ्याकडं वळून, डोळे वटारून, "काय गं? काय म्हणतेस तू हिला?"

मी आईकडं पाहिलं. आई जमिनीकडं बघत होती. मी हिच्याकडं पाहिलं. आणि मी म्हणाले, "ताई."

आधी ही गोंधळली. मग हिच्या चेहऱ्यावर हसू यायला लागलं. एकदम नाही, हळूहळू, पातेल्यात पाणी तापतं तसं. पुढं हजारो लोकांनी तिकिटं काढून हिचा हसरा चेहरा पाहिला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला तो त्या पहिल्या हसण्यानं.

दुसऱ्या दिवशी नळावर मी बादली लावायला गेले तर हिची आधीच लागलेली. मी म्हटलं, "अगं, ते पाहुण्यांपुरतं होतं."

ही म्हणाली, "पाहुणी कोपऱ्यावरच राहते. तिची खिडकी उघडी आहे बघ. ऐकू जाईल तिला."

"कुणी नाही ऐकत. उचल बादली."

"ताई म्हण, मग उचलते."

म्हटलं. काय करणार? लग्न मोडलं असतं तर बापानं मला जिन्याखाली राहायला पाठवलं असतं. आणि मग म्हणतच राहिले. कारण सासर गल्लीच्या कोपऱ्यावर, सासूबाईंची खिडकी बारमाही उघडी, आणि कान डोळ्यांपेक्षा तिखट. सबंध गल्लीला खरं माहीत होतं, पण लग्न टिकावं म्हणून सगळे गप्प. हळूहळू जुनी माणसं गेली, नवी आली, आणि नव्यांना वाटलं हेच खरं.

दुकानात मी उभी राहायला लागले. काचा घासायचं काम नवऱ्याचं. फ्रेम बसवायचं माझं. गरम वाळूत चष्म्याची काडी धरायची, मऊ झाली की कानाच्या मापानं वाकवायची, नाकावर ठेवून बघायची, परत वाकवायची. त्यामुळं ह्या दगडावरच्या चौघांचीही नाकं मी फार जवळून पाहिली आहेत. डॉक्टरचा डावा कान उजव्यापेक्षा खाली होता. इंजिनिअरला चष्म्याशिवाय स्वतःचा पूल दिसायचा नाही. आणि न्यायाधीशाचं नाक मधोमध वाकडं. कुठलीही फ्रेम बसवा, एका बाजूलाच झुकायची. पुढचं मी बोलत नाही, त्यांचे चिरंजीव समोर बसले आहेत. बसा, बसा. चांगलं नाक आहे तुमचं, आईवर गेलंय.

एकदा चौघं एकाच वेळी दुकानात जमले. गावानं त्यांचा पहिला सत्कार केला होता, त्या दिवशी. बाकड्यावर बसून गप्पा रंगल्या. 'आम्ही अकराचे' असं आणि 'आम्ही अकराचे' तसं. त्या वर्षीच्या पाण्यातच काही होतं म्हणे. माझ्या हातात न्यायाधीशाची फ्रेम होती. मी म्हटलं, "पाणी एकाच नळाचं होतं, ते मीही प्यायले."

न्यायाधीश मला म्हणाले, "तुम्ही बाराच्या ना? तुमच्या वेळेपर्यंत शाळेचा दर्जा घसरला होता."

हा माणूस शाळेत माझ्या मागच्या बाकावर बसायचा. माझ्या वेणीचं टोक दौतीत बुडवायचा. एवढा मोठा न्यायाधीश, आणि साक्षीदाराला ओळखलं नाही! मी हिच्याकडं बघितलं. म्हटलं आता तरी बोलेल. ही काय म्हणाली माहीत आहे? माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाली, "तिला काही बोलू नका हं. माझी धाकटी आहे ती."

सगळे कौतुकानं हसले. मी काडी वाळूत जरा जास्त वेळ धरली. जळली. नवीन घालावी लागली.

त्या दिवसापासून हिनं तेच धरलं. कार्यक्रमातसुद्धा. हॉल गच्च भरलेला असायचा, ही गाणं थांबवून म्हणायची, "आज माझी धाकटी बहीण आली आहे, तिसऱ्या रांगेत. तिला आवडतं ते गाते." लोक मान वळवून माझ्याकडं बघायचे आणि माझ्यासाठी टाळ्या वाजवायचे. बायका मला म्हणायच्या, किती भाग्यवान गं तू! मी घरी येऊन भांडी आपटायचे. नवरा म्हणायचा, "काय झालं? गाणं बिघडलं का?" मी म्हणायचे, "नाही ना बिघडलं! तेच तर."

खरं सांगते, कधीच बिघडलं नाही. एकदासुद्धा नाही. मी दर वेळी वाट बघितली.

सासूबाई गेल्या. मग काही वर्षांनी नवरा गेला. तेव्हा ही परगावी होती, कार्यक्रम टाकून आली. चप्पल न काढता थेट आत आली, माझ्या मुलाला कामाला लावलं, नातेवाइकांना बसवलं, कुणी कुठं झोपायचं, कोण किती दिवस राहणार, सगळं हिनं ठरवलं. मला म्हणाली, "तू बस. मोठी बहीण आहे ना मी." आणि मी बसले. त्या दिवशी हिनं जे केलं त्याबद्दल मी कधी आभार मानले नाहीत, ते आज सगळ्यांसमोर मानते. मनापासून मानते. पण एक गोष्ट सांगा मला. माणूस माझा गेला, घर माझं, रडणं माझं, आणि मोठेपण तेवढं हिचं? ते काम माझं होतं. माझ्या हातून ते निसटलं होतं, ते त्या दिवशी मला जेवढं लागलं तेवढं आधी कधी लागलं नव्हतं.

महिना गेल्यावर मी हिच्याकडं गेले. म्हटलं, "ज्यांच्यासाठी खोटं बोललो ती दोन्ही माणसं गेली. आता झालं ते झालं. आता परत तू मला ताई म्हण."

ही मोठ्यानं हसली. "आता? सवय झाली गं. लोक काय म्हणतील?"

"लोक काही म्हणत नाहीत. तू म्हण."

"जाऊ दे ना. आता ह्या वयात कोण लहान आणि कोण मोठं!"

बघा हं. 'कोण लहान कोण मोठं' हे कोण म्हणतं? जो मोठा होऊन बसलाय तो. बाकड्यावर बसायला मिळालेला माणूसच म्हणतो, बसण्यात काय आहे!

तेव्हापासून मी दर वर्षी मागते आहे. ही दर वर्षी टाळते आहे. काल शेवटचं म्हणून मी हिच्याकडं गेले. खोल्या रिकाम्या, भिंतींवर फोटोंच्या जागी पांढरे चौकोन. खोक्यांवर दोऱ्या बांधायचं चाललं होतं. हिला गाठ मारता येत नाही, आजन्म आली नाही, मी मारून देत होते. म्हटलं, "एकदा म्हण. कुणी नाही इथं. मग जा कुठं जायचं तिकडं."

हिनं हातातली दोरी खाली ठेवली. मग म्हणाली, "तुझा मुलगा तुझ्याजवळ आहे. नात तुझ्याजवळ आहे. गल्ली तुझ्याजवळ राहणार. माझा आवाज गेला, आणि परवा जिथं जाते आहे तिथं मला कुणी ओळखत नाही. मोठेपण तेवढं राहू दे ना माझ्याकडं."

मला क्षणभर हिची दया आली, खोटं कशाला बोलू? मग नजर खोक्याकडं गेली. वर पदकं ठेवली होती, एकावर एक, पावाच्या चकत्यांसारखी. दया गेली.

मी म्हटलं, "पदकं ने. ताईपण माझं आहे, ते इथं ठेव."

ही म्हणाली, "उद्याच्या भाषणात माझ्याविषयी चांगलं बोल." आणि दार लावून घेतलं.

तर चांगलं बोलते. ही गायली तसं कुणी गायलं नाही. हिनं गावाचं नाव केलं. एवढी मोठी झाली पण दुकानात आली की कधी रांग मोडली नाही. कुणाच्या गरिबीवर कधी हसली नाही. हे सगळं खरं आहे आणि माझ्या तोंडून आलंय, म्हणजे किती खरं असेल ते समजा. दगडावर नाव हिचंच पाहिजे. माझं नको. मी काही केलेलं नाही, माणसांच्या कानामागं काड्या अडकवल्या. दगड त्यासाठी नसतो.

मला फक्त माझं तेवढं परत पाहिजे. अख्ख्या गावासमोर मी धाकटी झाले, तर अख्ख्या गावासमोरच परत पाहिजे. उद्या ही गेली की हे मागायचं कुणाकडं? समुद्राकडं तोंड करून ओरडू का?

अगं, ऐक. मी तुझ्याशी बोलते आहे. अध्यक्षांकडं बघू नकोस, ते नंतरचे आहेत, त्यांना काही माहीत नाही. समोर तुझा माइक आहे. एक शब्द बोल.

नाही?

मान हलवते आहे बघा. सगळ्यांनी बघितलंत ना? छान. फुलांआड तोंड लपवलं की झालं.

आणि ही चिठ्ठी कसली? 'कृपया आवरते घ्यावे.' घेते, अध्यक्ष महोदय, घेते. एकच आठवण सांगते, आणि तीही सुवर्णवर्षाविषयीच आहे, विषयाला धरून आहे. हिचं नाव नुकतं व्हायला लागलं होतं तेव्हाची गोष्ट. मोठ्या शहरातल्या थिएटरात हिचा पहिला कार्यक्रम. नवरा मला घेऊन गेला होता. थिएटरच्या दाराशी ही एवढी मोठी जाहिरात लावली होती, हिचा रंगीत फोटो, खाली लाल अक्षरांत हिची माहिती. मला तिसरीपुरतं वाचता येतं, आणि आकडे तर चांगलेच येतात. त्या जाहिरातीत हिचं जन्मसाल छापलं होतं. ते अकरा नव्हतं. बारासुद्धा नव्हतं. मी बघतच राहिले. माझ्या बापानं मला एका वर्षानं सरकवलं होतं, आणि हिनं स्वतःला चांगलं ऐसपैस—

काय? काय म्हणालीस?

थांबा, टाळ्या नकोत, गडबड नको. मला ऐकू द्या. मागच्यांनो, तुम्हांला ऐकू गेलं का? पंख्याखालचे, जागे झालात ना? काय म्हणाली ही? सूत्रसंचालन करणाऱ्या बाळा, तू जवळ आहेस, तू सांग. माइकमध्ये सांग.

"ताई, पुरे! खाली बस!"

अगदी बरोब्बर सांगितलंस, बाळा. तस्संच म्हणाली. ओरडून म्हणाली, रागानं म्हणाली, खुर्चीतून अर्धी उठून म्हणाली. मला त्याचं काही नाही. मी शब्द मागितला होता, सूर नव्हता मागितला.

आता जाहिरातीचं. त्यावर कुठलं साल होतं, हे मी सांगणार नाही. कुणी विचारूही नका, नातीकरवी निरोपही पाठवू नका. न्यायाधीशांच्या चिरंजीवांनो, तुम्ही तर मुळीच नको. धाकट्या बहिणीचं काय झाकायचं आणि किती झाकायचं, ते थोरली बघून घेईल.

अध्यक्ष महोदय, तुमच्या चिठ्ठीचा मान राखते. मला बोलायला बोलावलंत त्याबद्दल वाचनालयाची आभारी आहे. हिनंच हट्ट धरला होता म्हणे, की मी बोललंच पाहिजे. म्हणजे तिचीही आभारी आहे, आता तिला पस्तावा झाला असला तरी. बोलण्यात कुणाच्या नाकाला काही लागलं असेल, कुणाच्या बापाविषयी कमीजास्त गेलं असेल, तर मनात धरू नका. अडाणी बाई आहे, सोडून द्या. पुढच्या कार्यक्रमात माझी ओळख करून द्यायची वेळ आली, तर कशी द्यायची ते आता ह्या मुलीला कळलं आहे.

आणि तू गं. आता तुझी पाळी आहे ना बोलायची? उभी राहू नकोस, गुडघा दुखतोय तुझा, मला दिसतंय. बसूनच बोल. मोठी सांगतेय.